डग्लस स्कायनाइट : रात्रीसाठीच बांधलेले पहिले नाविक जेट

आपला प्रश्न असा आहे की, डग्लस एफ३डी स्कायनाइट हे विमान अमेरिकी नौदलाने विमानवाहू नौकांसाठी मागवले, पण नौकांवर ते फारसे वावरले नाही. शत्रूच्या मिग-१५ या सोव्हिएत बनावटीच्या जेट लढाऊ विमानापेक्षा ते बरेच मंद होते, तरीही कोरियाच्या युद्धात रात्रीच्या अंधारात त्याने मिग पाडले. मग या विमानाला यशस्वी म्हणावे की फसलेले? विमानांवरील रडारची देखभाल हेच माझे आयुष्यभराचे काम असल्यामुळे मी या विमानाकडे पंखांपासून नव्हे, तर रडार जिथे बसते त्या नाकापासून पाहतो, आणि तसे पाहिले की उत्तर बऱ्यापैकी स्पष्ट होते. नौकेवरचे विमान म्हणून स्कायनाइट अपुरे पडले, रात्रीचे लढाऊ विमान म्हणून ते आपल्या काळातील अत्यंत विचारपूर्वक घडवलेले यंत्र होते, आणि या दोन्ही गोष्टींचे मूळ एकाच निर्णयात आहे. रडारला आणि ते चालवणाऱ्या माणसाला लागेल तेवढी जागा आधी द्यायची आणि बाकीचे विमान तिच्याभोवती बांधायचे, हा तो निर्णय.

हा निर्णय का घ्यावा लागला हे समजण्यासाठी दुसऱ्या महायुद्धातील पॅसिफिक महासागराकडे जावे लागते. जपानी टॉर्पेडो विमाने रात्री नौकांवर येऊ लागली, तेव्हा अमेरिकी नौदलाकडे त्यांना अडवण्याची नीट व्यवस्था नव्हती. रडार बसवलेले एक ॲव्हेंजर विमान पुढे पाठवायचे आणि त्याच्या मार्गदर्शनाने दोन हेलकॅट विमानांनी शत्रूला गाठायचे, असा तोडगा ‘एंटरप्राइझ’ या नौकेवर काढण्यात आला. २६ नोव्हेंबर १९४३ च्या रात्री गिल्बर्ट बेटांजवळ अशाच एका मोहिमेत नौदलाचा नामवंत वैमानिक एडवर्ड ‘बुच’ ओ’हेअर परत आला नाही. पुढे हेलकॅटच्या उजव्या पंखावर छोटे रडार बसवून एकट्या वैमानिकाने सगळे सांभाळायचे, अशी पद्धत रुळली. तिने युद्धकाळाची गरज भागवली. मात्र अंधारात विमान उडवणे, उपकरणांवर नजर ठेवणे, रडारच्या पडद्यावरील ठिपक्याचा अर्थ लावणे आणि पुन्हा डोळे अंधाराला सरावलेले ठेवणे, ही सगळी कामे एका माणसावर टाकणे हा त्याच्यावर अन्याय होता. पडद्याच्या उजेडात पाहिलेल्या डोळ्यांना बाहेरचा काळोख पुन्हा दिसू लागायला वेळ लागतो आणि नेमका तेवढा वेळ हवाई लढाईत मिळत नाही.

जेट विमाने आल्यावर हा प्रश्न आणखी बिकट झाला, कारण शत्रूचे बाँबफेकी विमान आता कितीतरी वेगाने जवळ येणार होते. १९४५ मध्ये नौदलाने जेट इंजिनांवर चालणाऱ्या, रडार असलेल्या, दोन माणसांच्या आणि नौकेवरून उडणाऱ्या रात्रीच्या लढाऊ विमानाची मागणी नोंदवली. अपेक्षा मोठ्या होत्या : ताशी सुमारे ५०० मैल वेग, ४०,००० फूट उंची, सुमारे ५०० मैलांचा युद्धपल्ला आणि शत्रूचे विमान १२५ मैलांवरून हेरणारे रडार. यांपैकी शेवटची अपेक्षा त्या काळाच्या तंत्रज्ञानाच्या फार पुढची होती. विमानात मावेल एवढ्या अँटेनाने आणि तेव्हाच्या व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर) चालणाऱ्या, परतणाऱ्या लहरी टिपणाऱ्या ग्राहकयंत्राने लढाऊ विमानाएवढे लक्ष्य इतक्या दुरून टिपणे शक्यच नव्हते.

एप्रिल १९४६ मध्ये डग्लस कंपनीला तीन नमुना विमानांचे कंत्राट मिळाले. ग्रुमन कंपनीलाही चार छोट्या इंजिनांच्या आराखड्यासाठी कंत्राट मिळाले होते, पण तो आराखडा कागदावरच राहिला आणि त्याच प्रकल्पातून पुढे एका इंजिनाचे, दिवसा लढणारे पँथर जन्माला आले. डग्लसच्या एल सेगुंडो शाखेत एड हाइनमन यांच्या नेतृत्वाखाली स्कायनाइट आखले गेले. २३ मार्च १९४८ रोजी रसेल थॉ यांनी पहिले नमुना विमान उडवले. १९५० च्या फेब्रुवारीत एफ३डी-१ हे पहिले उत्पादित विमान उडाले आणि बरोबर एका वर्षाने एफ३डी-२ उडाले. पहिल्या प्रकारची २८ आणि दुसऱ्या प्रकारची २३७ विमाने बांधली गेली. तीन नमुने धरून एकूण संख्या २६८ भरते.

आता नाकाकडे येऊ. वेस्टिंगहाउसची एपीक्यू-३५ ही यंत्रणा म्हणजे खरे तर तीन रडारांची जोडणी होती. नाकात शोध घेणारे एपीएस-२१ आणि तोफांसाठी लक्ष्याचा माग धरणारे एपीजी-२६ अशी दोन रडार होती, तर शेपटीत मागून येणाऱ्याची सूचना देणारे एपीएस-२८ होते. शोध रडार लढाऊ आकाराचे विमान साधारण २० मैलांच्या आत पकडू शके. माग धरणारे रडार सुमारे २ मैलांच्या आत उपयोगी पडे. म्हणजे जमिनीवरील मोठ्या रडारने ‘अमुक दिशेला, अमुक उंचीवर वळा’ असे सांगत स्कायनाइटला २० मैलांच्या आत आणून सोडायचे, तिथून पुढे विमानातील चालकाने स्वतःच्या पडद्यावर लक्ष्य शोधायचे, वैमानिकाला वळणे सांगत त्याच्या शेपटीमागे न्यायचे आणि दोन मैलांच्या आत आल्यावर दुसऱ्या रडारने माग पक्का धरून चार २० मिलीमीटर तोफांचे नेम लावायचे, अशी ही साखळी होती. तिचा एक दुवा जरी निसटला तरी रात्रीची सगळी मेहनत वाया जाई.

ही यंत्रणा ट्रान्झिस्टरच्या आधीची होती, हे आजच्या वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावे. तिच्यात शेकडो व्हॉल्व्ह होते. व्हॉल्व्ह तापतो, हादऱ्याने सैल होतो, हळूहळू क्षीण होतो, आणि बहुतेक वेळा तो एकदम मरत नाही तर फसवतो : पडदा चालू दिसतो, पण पल्ला निम्म्यावर आलेला असतो. त्यात समुद्रावरची खारी दमट हवा आणि नौकेवर उतरताना बसणारा दणका यांची भर पडते. दमट हवेने कनेक्टरमध्ये धरलेली बुरशी आणि गंज शोधण्यात किती तास जातात, हे या कामात हात घातलेल्या कोणालाही ठाऊक असते. म्हणून स्कायनाइटचे नाक उघडून आत सहज पोहोचता यावे, यंत्रांचे संच बाहेर काढता यावेत, यासाठी दिलेली ऐसपैस जागा मला वैमानिकांच्या पराक्रमाइतकीच महत्त्वाची वाटते. विमानाचे जाडजूड अंग पाहून त्याला ‘विली द व्हेल’ असे टोपणनाव पडले; ते अंग रडारच्या अँटेनासाठी, यंत्रांसाठी, इंधनासाठी आणि शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन माणसांसाठी होते.

शेजारी शेजारी बसण्याची ही रचना त्या काळातील रात्रीच्या विमानांत इतरत्रही दिसते. ब्रिटिशांच्या सी व्हेनममध्ये ती होती, आणि भारतीय हवाई दलाने १९५० च्या दशकात घेतलेल्या व्हॅम्पायर एनएफ ५४ या रात्रीच्या विमानांतही होती. (आपल्या नौदलाच्या ‘विक्रांत’वरची सी हॉक विमाने मात्र एका माणसाची, दिवसा लढणारी होती.) वैमानिक आणि रडार चालक एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसले की खूण करता येते, पडद्याकडे बोट दाखवता येते, आवाजातली घाई कळते. स्कायनाइटच्या तुकड्यांमधील अनेक रडार चालक अधिकारी नसून सार्जंट होते, पण अडवणुकीच्या शेवटच्या मिनिटांत विमान कुठे वळायचे हे तेच सांगत. मेजर पदाचा वैमानिक सार्जंटच्या शब्दावर अंधारात विमान झोकून देतो, हा विश्वास शेजारी बसून अधिक लवकर जुळतो, असे माझे मत आहे.

या विमानात बाहेर फेकणाऱ्या आसनांची सोय नव्हती. संकटात दोघांनी आसनांमागच्या बोगद्यातून पोटाखाली घसरत बाहेर पडायचे, अशी योजना होती. उंचीवर आणि विमान बऱ्यापैकी ताब्यात असताना ती चालण्याजोगी होती. जमिनीजवळ किंवा विमान गरगरत असताना तिचा भरवसा नव्हता. हाइनमन यांच्याच ए३डी स्कायवॉरियर या मोठ्या विमानातही पुढे बाहेर फेकणारी आसने नव्हती आणि त्यावर वैमानिकांनी कडवट टीका केली. स्कायनाइटमधील हा दोष मी गंभीर मानतो.

दुसरा दोष इंजिनांचा. एफ३डी-२ साठी वेस्टिंगहाउसचे अधिक ताकदीचे जे४६ इंजिन ठरले होते, पण ते वेळेवर तयारच झाले नाही, आणि विमानाला प्रत्येकी सुमारे ३,४०० पौंड जोराच्या दोन जे३४ इंजिनांवर भागवावे लागले. एवढ्या वजनाच्या विमानाला हा जोर अपुरा होता. वेग ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास राहिला, चढण्याची गती बेताची राहिली आणि मिग-१५ ज्या उंचीवर सहज जाई तिथे पोहोचणे शक्य नव्हते. मागे झुकलेल्या पंखांची एफ३डी-३ ही सुधारित आवृत्तीही याच इंजिनावर अवलंबून होती. ती १९५२ मध्ये रद्द झाली.

कोरियात स्कायनाइट लढले ते मुख्यतः मरीन कोअर या नौदलाशी जोडलेल्या अमेरिकी सैन्यदलाच्या व्हीएमएफ(एन)-५१३ या तुकडीकडून, आणि तेही जमिनीवरील तळावरून. ही तुकडी त्याआधी पंख्याच्या इंजिनांची टायगरकॅट आणि कोर्सेअर विमाने रात्री उडवत होती. १९५२ च्या उन्हाळ्यात तिच्याकडे स्कायनाइट आले. वेळही निकडीची होती. १० जून १९५२ च्या रात्री उत्तर कोरियातील क्वाकसानच्या रेल्वे पुलांवर गेलेल्या अमेरिकी बी-२९ बाँबफेकी विमानांना सर्चलाइटच्या झोतांत पकडून मिगनी दोन विमाने पाडली आणि तिसऱ्याला जेमतेम सोलजवळच्या किंपो तळावर उतरता आले. दिवसा येणे आधीच बंद झालेल्या बी-२९ ना आता रात्रीही आसरा राहिला नव्हता. अमेरिकी हवाई दलाकडे एफ-९४ हे रडार असलेले जेट होते, पण त्याचे रडार शत्रूच्या हाती पडू नये म्हणून त्याला बराच काळ शत्रूच्या प्रदेशावर जाऊ दिले जात नव्हते. त्यामुळे उत्तर कोरिया आणि चीनच्या सीमेवरील यालू नदीपर्यंत बाँबफेकी विमानांबरोबर जाण्याचे काम स्कायनाइटच्या वाट्याला आले.

२ नोव्हेंबर १९५२ च्या रात्री मेजर विल्यम स्ट्रॅटन आणि मास्टर सार्जंट हान्स हॉगलिंड यांनी सिनुइजूजवळ एक जेट विमान पाडले. जेटने जेटला रात्री रडारच्या साह्याने गाठून पाडल्याची ही पहिली घटना मानली जाते. थोड्याच दिवसांत कॅप्टन ऑलिव्हर डेव्हिस आणि वॉरंट ऑफिसर ड्रेमस फेसलर यांनी मिग-१५ पाडले. १० डिसेंबरच्या रात्री लेफ्टनंट जोसेफ कॉर्वी आणि सार्जंट डॅन जॉर्ज यांनी पो-२ हे लाकूड-कापडाचे दुहेरी पंखांचे विमान डोळ्यांनी न पाहताच, केवळ रडारचा माग धरून पाडले. जानेवारी १९५३ मध्ये तुकडीतील विमानांची संख्या २४ वर गेली आणि त्या एका महिन्यात आणखी तीन मिगचे दावे नोंदले गेले. त्यांतील शेवटचा ३१ जानेवारीचा दावा तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कर्नल रॉबर्ट कॉन्ली आणि मास्टर सार्जंट जेम्स स्कॉट यांचा होता. अशा रीतीने एकूण सहा विमाने या तुकडीतील स्कायनाइटच्या नावे लागली.

मंद विमानाने वेगवान विमानाला कसे हरवले, हा आपल्या प्रश्नाचा गाभा आहे. मिग-१५ मध्ये शोध रडार नव्हते. त्याच्या वैमानिकाला जमिनीवरून दिशा मिळे आणि शेवटी डोळ्यांनी लक्ष्य पाहावे लागे. म्हणूनच सर्चलाइट आणि चांदणे त्याला आवश्यक होते. वेग ही जमेची बाजू तेव्हाच ठरते, जेव्हा कुठे धावायचे हे माहीत असते. स्कायनाइटच्या चालकाला पुढचे वीस मैल दिसत होते आणि शेपटीतील रडारमुळे मागून येणाराही कळत होता. मिगनी एका विमानाला आमिष म्हणून पुढे ठेवून दुसऱ्यांनी मागून यायचे, अशी युक्ती केली. तेव्हा मागच्या रडारची सूचना मिळताच स्कायनाइट आपल्या सरळ, रुंद पंखांच्या बळावर घट्ट वळण घेई आणि वेगात असलेल्या मिगला तेवढे लहान वळण घेता येत नसे. काही स्कायनाइट बी-२९ च्या रांगेच्या वर आणि मागे राहत, तर काही यालूकडच्या बाजूला आडवी फेरी मारत. उत्तर कोरियाच्या पश्चिम किनाऱ्याजवळील चो-दो बेटावरच्या रडार केंद्राने दिलेले मार्गदर्शन या सगळ्यात मोलाचे होते. जानेवारी १९५३ नंतर मिगकडून रात्री बी-२९ पाडले जाण्याचे सत्र थांबले. त्याचे श्रेय एकट्या स्कायनाइटला देता येणार नाही, कारण शत्रूची रडार आणि सर्चलाइट गोंधळवण्याची साधने, मार्ग व उंची बदलण्याचे निर्णय आणि उशिरा का होईना पुढे आलेली एफ-९४ विमाने यांचाही त्यात वाटा होता.

दाव्यांबद्दल मात्र सावध राहावे. स्ट्रॅटन यांच्या नावे नोंदलेले विमान याक-१५ हे सोव्हिएत जेट असल्याचे सांगितले गेले, पण याक-१५ कोरियात लढल्याचा पुरावा नाही. यात कोणी खोटे बोलले असे मी मुळीच मानत नाही. रडारच्या पडद्यावर समोर काहीतरी आहे, किती दूर आहे आणि कुठल्या बाजूला आहे एवढेच दिसते. ते कोणत्या जातीचे विमान आहे हे तेव्हाचा पडदा सांगू शकत नव्हता. शेवटच्या काही क्षणांत इंजिनाची ज्वाळा आणि पुसट आकृती पाहून केलेली ओळख चुकू शकते. अंधारातील लढाईचे हिशेब दोन्ही बाजूंच्या नोंदी शेजारी ठेवल्याशिवाय पक्के मानू नयेत. स्कायनाइटचेही नुकसान झाले : २९ मे १९५३ च्या रात्री हरवलेले एक विमान आपल्या मिगने पाडल्याचे चिनी हवाई दलाचे म्हणणे आहे.

पो-२ सारख्या सावकाश विमानांपुढे मात्र जेटची कोंडी होत असे. कमी उंचीवरून, ताशी दीडशे किलोमीटरच्या आत उडणारे ते विमान जमिनीवरून परतणाऱ्या लहरींच्या गदारोळात हरवून जाई, आणि पडद्यावर सापडलेच तरी जेटला तेवढे हळू उडता येत नसल्यामुळे नेम धरण्यास क्षणभरच मिळे. कॉर्वी आणि जॉर्ज यांचे यश म्हणूनच असाधारण आहे. या कामासाठी नौदलाने शेवटी पंख्याच्या इंजिनाची कोर्सेअर विमाने किनाऱ्यावर आणली, आणि लेफ्टनंट गाय बोर्डेलॉन यांनी जून-जुलै १९५३ मध्ये रात्रीच पाच विमाने पाडली.

नौकांची बाजू थोडक्यात सांगतो. व्हीसी-३ आणि व्हीसी-४ या नौदलाच्या तुकड्यांकडे स्कायनाइट होते. तेव्हाच्या नौकांचे डेक सरळ आणि लाकडी होते. धडाच्या तळाशी खाली झुकलेल्या इंजिनांचा तप्त झोत त्या लाकडाला होरपळवी आणि डेकवरील माणसांना त्याचा धोका असे. शिवाय विमान रुंद आणि जड, तर उपलब्ध जोर अपुरा. व्हीसी-४ ची एक छोटी तुकडी १९५३ मध्ये ‘लेक शॅम्प्लेन’ या नौकेवरून कोरियाला गेली, पण तिला तिथून उतरवून मरीनांच्या तुकडीबरोबर किनाऱ्यावरून लढण्यास पाठवण्यात आले. नौकांवरील रात्रीचे काम मॅकडोनेल बॅन्शीच्या रडार असलेल्या आवृत्त्यांनी उचलले. बॅन्शी एका माणसाचे होते, हलके होते, आणि डेकवर हाताळण्यास सोपे होते. डेकवरील लोकांनी तेच पसंत केले यात मला काही गैर वाटत नाही; नौकेवर प्रत्येक फूट जागेचा हिशेब असतो.

परंतु ज्या रुंद अंगामुळे डेकने त्याला नाकारले, त्याच अंगामुळे ते विमान इतर लढाऊ विमाने मोडीत निघाल्यावरही कामाला येत राहिले. स्पॅरो या रडारच्या झोतावर स्वार होऊन जाणाऱ्या क्षेपणास्त्राच्या सुरुवातीच्या चाचण्या स्कायनाइटवर झाल्या. १२ ऑगस्ट १९५७ रोजी ‘अँटिएटम’ या नौकेवर वैमानिकाचा हात न लागता, संपूर्ण स्वयंचलित पद्धतीने उतरलेले पहिले विमान स्कायनाइटच होते. पुढे फँटम या नंतरच्या पिढीतील दोन माणसांच्या लढाऊ विमानांच्या रडार चालकांचे शिक्षणही त्यात झाले. फँटमचा उल्लेख मुद्दाम करतो. मधल्या काळात स्कायरे आणि डेमन ही एका माणसाची विमाने आणून नौदलाने दुसरा माणूस वाचवण्याचा प्रयत्न केला होता, पण फँटममध्ये तो माणूस परत आला. रडारकडे पूर्ण वेळ लक्ष देणारे दोन डोळे हवेत, ही १९४५ च्या मागणीतील समज बरोबर होती, हे तेव्हा मान्य झाले.

मरीन कोअरने काही विमानांतील लढाऊ सामग्री बदलून त्यांत शत्रूची रडार ऐकणारी आणि त्यांना गोंधळवणारी यंत्रे बसवली. एफ३डी-२क्यू आणि १९६२ नंतर ईएफ-१०बी या नावाने ती ओळखली गेली. एप्रिल १९६५ मध्ये व्हीएमसीजे-१ तुकडीची अशी विमाने दक्षिण व्हिएतनाममधील दा नांगला पोहोचली, आणि जुलैमध्ये अमेरिकी हवाई दलाने जमिनीवरून विमानांवर मारा करणाऱ्या सोव्हिएत एसए-२ क्षेपणास्त्रांच्या तळांवर पहिले हल्ले केले तेव्हा त्या तळांची रडार आंधळी करण्याचे काम त्यांनी केले. मार्च १९६६ मध्ये त्यांतील एक विमान अशाच क्षेपणास्त्राला बळी पडले. कोरियात लढलेले दुसरे कोणतेही अमेरिकी जेट लढाऊ विमान व्हिएतनामच्या युद्धात उरले नव्हते. १९७० च्या मे महिन्यात मरीन कोअरने ईएफ-१०बी सेवेतून काढले. त्याची जागा घेणाऱ्या ईए-६ए या विमानातही वैमानिक आणि यंत्रे चालवणारा शेजारी शेजारीच बसत होते.